विमानांची भिंत

विमानांच्या अपघातांचं वेड मला आधी लागलं की आप्पांचा ट्रक आधी ठोकला, हे मला आज छातीठोकपणे सांगता यायचं नाही. डोक्यात दोन्ही एकदमच आहेत. आई असती तर तिनं लगेच सांगितलं असतं, "सुमे, तुला पाळण्यातनंच आभाळाकडं बगायची खोड," पण आई काहीही सांगायची. पाळणा आमच्याकडे होता कुठं? झोळी होती. मला आठवतं ते एवढंच, की पालीच्या अलीकडच्या वस्तीवर आमचं घर होतं, त्या घराची एक भिंत वर्तमानपत्राच्या कागदांनी भरलेली होती, त्या कागदांवर जगभरची विमानं पडत होती, आणि त्याच घराच्या उंबऱ्याशी माझे आप्पा आमच्याकडे पाठ करून दिवस दिवस बसलेले असायचे. आता वय झालं, पुष्कळ गोष्टी निवळल्या, पण एवढा एक भाग अजून गढूळच आहे. लिहून तरी निवळतो का बघते.

आप्पा भोरच्या एका शेठचा ट्रक चालवायचे. हिरडा, तांदूळ, कोळसा, मिळेल तो माल. बाजाराच्या दिवशी मालावर माणसंही बसायची. तेव्हा आमच्या डोंगरात गाड्या होत्याच किती, आणि येईल त्या गाडीला नाही म्हणणारं माणूस होतंच कोण! पोत्यांवर बायका, बायकांच्या मांडीवर कोंबड्या, कडेला पटके सांभाळत म्हातारे. ज्याचा फाटा आला त्यानं पुढं सरकून केबिनच्या टपावर दोन थापा मारायच्या, की आप्पा गाडी उभी करणार. हीच आमची घंटी. आप्पा म्हणायचे, "थाप आली की उतारू देव. देवाला म्होरं न्हेऊ न्हाई." सुट्टीत मी भोरहून वस्तीवर जाताना ते मला मुद्दाम वर बसवायचे आणि आमच्या फाट्याची थाप मी मारायची. दोन थापा मारून गाडी थांबली की मला वाटायचं, एवढं मोठं लोखंड माझं ऐकतं! भोरात आमची भाड्याची एक खोली होती, आई शेजारच्या वकिलांकडून जुनी वर्तमानपत्रं आणून फळीवर अंथरायची, आणि एकंदरीत आमचं बरं चाललं होतं.

मग पानशेतकडून वेल्ह्याकडे उतरणाऱ्या घाटात ब्रेक गेले. आप्पांनी गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, सगळं स्टेअरिंग पिळून डोंगराच्या अंगाला घातली. वरची माणसं फेकली गेली. कुणाचा हात मोडला, कुणाची कंबर, आणि घाटातल्याच एका वाडीची पारूबाई नावाची सून, माहेराहून परत येत होती, ती तिथल्या तिथं गेली. झालं एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीची दोन तोंडं झाली. वेल्ह्याच्या बाजारात एक जण आप्पांचे हात हातात घ्यायचा, "आप्पा, तुमी व्हता म्हणून गाडीभर मानसं वाचली." चार पावलं पुढं गेलं की दुसरा कुजबुजायचा, "ह्यानंच ती बाई मारली." आणि दोघंही एकाच गाडीतले! मी आप्पांचं बोट धरून चाललेली असायची. दोन्ही ऐकायची आणि घरी येईपर्यंत आप्पांच्या तोंडाकडे बघायची, की ह्या दोघांतले हे कोणते. तोंडावर काही दिसायचं नाही.

शेठनं एकच गोष्ट बजावली होती. "तिच्या घराकडं फिरकायचं नाही. गेलास म्हणजे कबूल केलंस." आप्पा गेले नाहीत. पुढे पोलिसांचं, कोर्टाचं सगळं मिटलं, गाडीतच दोष होता असं ठरलं, पण आप्पांनी पुन्हा किल्लीला हात लावला नाही. खोली सोडून आम्ही वस्तीवर आलो. थोडं खाचर होतं, भात आणि वर नाचणी व्हायची. पोटाला होतं. पण आप्पा नुसते बसायचे. कुणाच्या गाडीत चढायचे नाहीत, वेल्ह्याला जायचं तरी पायी. आणखी एक चमत्कारिक सवय लागली होती. आई भाकरी थापायला बसली की ते उठून बाहेर अंगणात जायचे आणि परातीतला आवाज थांबेपर्यंत आत यायचे नाहीत. आईला वाटायचं, चुलीच्या धुराचा त्रास होतो. ती बिचारी ओली लाकडं बाजूला काढून सुकी घालायची. तरी आप्पा बाहेरच.

आई वेल्ह्याच्या दुकानदाराला कागदाचे पुडे करून द्यायची. रद्दीचे गठ्ठे यायचे, पातेल्यात खळ शिजायची, सगळ्या घराला त्या खळीचा आंबूस वास. मी एकेक पान वाचल्याशिवाय पुढे द्यायची नाही. आई ओरडायची, "वाचून काय त्यात मीठ वाढनार हाय का?" त्यातच मला विमानं सापडली. धुक्यात डोंगराला धडकलेली, समुद्रात बुडालेली, आणि इंजिन बंद पडल्यावर शेतात, रस्त्यात, कुठं कुठं उतरवलेली. मी हट्ट करून ती पानं मागून घ्यायची. आई म्हणायची, "घे, भिताडाचं पोपडं तरी झाकत्याल." बुद्धाच्या तसबिरीचा कोनाडा सोडून बाकी सगळी भिंत मी विमानांनी भरली. शेजारची बाई येऊन म्हणाली, "अगं, लोक भिंतीवर फुलं काढत्यात, तू ही मढी काय चिकटवतीस?" मला राग आला. मढी कुठं? काही विमानं नीट उतरलीही होती.

मी नेमकं काय शोधत होते ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि आता कळतंय असं वाटतं पण खात्री नाही. वर्तमानपत्रात दोनच जातीच्या बातम्या असायच्या. एक, सगळे मेले, वैमानिकही मेला. दोन, सगळे वाचले, वैमानिकाला हार घातले. मला तिसरी हवी होती. वैमानिकानं विमान उतरवलं, पुष्कळ माणसं वाचली, पण एक गेलं, आणि वैमानिक जिवंत राहिला. मग त्याला काय म्हणतात? हार घालतात का? तो घरी जाऊन जेवतो का? अशी बातमी मला एकदाच मिळाली. कुठल्याशा परमुलुखात एकानं बंद पडलेलं विमान नदीकाठच्या वाळूत उतरवलं होतं. त्याचं कौतुक होतं, प्रवाशांचे उद्गार होते, आणि सगळ्यात शेवटी "दुर्दैवाने एका" एवढं लिहून पुढं होतं, उरलेला मजकूर पान दोनवर. आणि पान दोन त्याच कागदाच्या पाठीमागं! त्या दिवशी मात्र घाईत मी नुसता मथळा वाचून ते पान खळीनं गच्च चिकटवलं होतं. पान दोन भिंतीकडे तोंड करून. नखानं कोपरा उकलायला गेले तर कागदाबरोबर मातीचं ढेकूळ हातात आलं आणि आईनं पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून "दुर्दैवाने एका" माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. शाळेत गुरुजी काही विचारायचे आणि मी मनात म्हणत असायची, एका काय? एका काय?

त्या वैशाखात राब भाजायचं काम चाललं होतं. आमच्याकडे पावसाआधी भाताच्या रोपाची जागा पालापाचोळा नि शेण अंथरून भाजतात, त्यामुळे खोऱ्यात जिकडे तिकडे धूर उभा असतो. आम्ही करवंदं काढून येत होतो. आई पुढं, मी मागं. एकदम डोंगराआडून एक लहानसं विमान आलं, इतकं खाली की त्याची चाकं दिसली. आवाज मध्येच तुटायचा, मध्येच यायचा, मग अजिबात थांबला. आवाज नसलेलं विमान मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. माझ्या भिंतीवरचं एक विमान निघून माझ्या डोक्यावर आलं होतं, आणि मला आनंद झाला की भीती वाटली ते मला आजही सांगता येत नाही. मी नुसती "आप्पा! आप्पा!" ओरडत सुटले.

आणि आमच्या माणसांनी काय करावं? रानडुक्कर शिवारात शिरलं की आमच्याकडे पत्र्याचे डबे बडवतात. विमान गायरानाकडे वळलेलं बघून कुणाच्या तरी मनात आलं, हे आपल्या घरांवर पडणार, हाकला! झालं. साऱ्या वस्तीनं, साऱ्या गावानं डबे काढले, घमेली काढली, थाळ्या काढल्या, आणि आरडाओरडा करत माळाकडे धावले. "हुऽर्र! हुऽर्र!" हसू नका, माझी आईसुद्धा करवंदांची पाटी बडवत होती. विमान काही हाकलल्यानं गेलं नाही. पण माळावर चरणारी गुरं उधळली. विमानाची चाकं टेकली, ते उड्या मारत पुढं गेलं, आणि गावातल्या धोंडिबा तात्यांच्या जोडीतला उजव्या अंगाचा बैल नेमका त्याच्या वाटेत आडवा आला. मग विमानाचं एक चाक मोडलं, पंख जमिनीला लागला आणि ते तोंडावर बसलं. डबे थांबले. धुळीतनं एक माणूस बाहेर आला, चार पावलं चालला आणि मटकन खाली बसला.

तरणाताठा होता तो, पुण्याकडचा, शिकाऊच असावा. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळ्यांनी त्याला गराडा घातला. सरपंचांनी कुणाला तरी दुकानात पिटाळलं आणि टॉवेल, टोपी, नारळ मागवला. आमच्याकडे मोठ्या माणसाचा मान असाच करतात. माझ्या मनात आलं, बघ, हा हारवाला वैमानिक. मी माणसांच्या पायांतनं घुसून अगदी त्याच्यापुढं गेले आणि विचारलं, "साहेब, त्या नदीकाठच्या विमानात शेवटी काय झालं? दुर्दैवाने एका... पुढं काय?" त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याला वाटलं असेल, आपलं डोकंच फिरलंय. "कुठलं विमान?" तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघत म्हणाला, "धूर बघून वाऱ्याचा अंदाज घेतला होता मी. सगळं बरोबर आलं होतं. तो बैल... तो बैल कुणाचा?"

"बैलाचं सोडा, सायेब," सरपंच त्याच्या डोक्यावर टोपी ठेवत म्हणाले. "तुमी वाचला ह्यात सगळं आलं."

लांब, तुटक्या बांधावर, धोंडिबा तात्या मेलेल्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं. आप्पा तोवर गर्दीच्या बाहेर उभे होते, आमची वस्ती सगळीच बाहेरच्या कडेला उभी होती. ते आत आले. गावानं वाट दिली. आप्पा त्या मुलापुढं उकिडवे बसले, आईनं घरातनं आणलेला गुळाचा खडा त्यांनी त्याच्या हातात दिला, आणि पाण्याचा तांब्या स्वतः त्याच्या तोंडाशी धरला. मग म्हणाले, "सायेब, उठा. त्या बैलाकडं जाऊन या. आत्ता जाशीला तर जाशीला. उद्या तुमाला कुनी जाऊ देनार न्हाई. चार मानसं येत्याल, शानपन सांगत्याल. मग जलमभर जानं हुत न्हाई." अपघातानंतर आप्पा इतकं एका दमात बोललेले मी ऐकले नव्हते. सरपंच काही म्हणायला गेले, पण तो मुलगा उठला. टोपी तशीच डोक्यावर, टॉवेल गळ्यात, तो माळावरनं एकटा चालत गेला.

धोंडिबा तात्यांनी त्याला आधी आईवरनं शिव्या दिल्या. अगदी सगळ्या. तो उभा राहून ऐकत होता. मग खाली बसला आणि त्यानं बैलाच्या कपाळावर हात ठेवला. मग तात्यांनी नाक पुसलं आणि त्याच्या कोपराला हात लावून विचारलं, "तुला कुठं लागलं का रं?" तेव्हा तो मुलगा ढसाढसा रडला. मी आप्पांकडे वळून बघितलं. आप्पा तिकडे बघत नव्हते, घाटाच्या दिशेला बघत होते. संध्याकाळी जीप आली, त्या मुलाला घेऊन गेली, आणि विमान न्यायला माणसं येईपर्यंत खोऱ्यातली पोरं त्याच्याभोवती जत्रा भरवून होती. मी गेले नाही. खरं विमान माझ्या घराशेजारी पडलेलं होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. का, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आप्पा म्हणाले, "सुमे, चल."

"कुठं?"

"घाटात. येकट्याचं पाय उचलंनात माजं."

आईनं नाचणीच्या भाकरीवर सुकटीची चटणी घालून फडक्यात बांधून दिली. आम्ही पायी निघालो. ऊन चढलं, घाट चढलो, आप्पा ज्या वळणावर गाडी ठोकली होती तिथून नजर न उचलता गेले. वाडीत पारूबाईचं घर विचारलं तर एका पोरानं बोट दाखवलं. ओसरीवर म्हातारी सासू हिरडा निवडत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळी राबावर गेलेली. आप्पा अंगणातच थांबले, डोक्यावरचं मुंडासं काढलं. म्हणाले, "म्या डायवर. त्या गाडीचा."

म्हातारीचा हात थांबला. मला वाटलं, आता ही सूप फेकून मारणार. तिनं आप्पांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आता आलास व्हय?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"कोन म्हनतं डायवर प्यालेला व्हता. कोन म्हनतं त्यानंच गाडी वाचवली. मला त्याचं काय करायचंय? माजी सून हाच फाटा आल्यावर उतरनार व्हती. हितं, ह्या वळनाला. मग ती खाली कशी ग्येली रं? तिनं थाप मारली न्हाई का?"

मी आप्पांचा हात धरला. मग ते म्हणाले, "मारली व्हती. दोन थापा. पुन्ना दोन. मंग मारतच ऱ्हायली. म्या समदं ऐकत व्हतो, आई. पाय ब्रेकवर व्हता, पार खाली ग्येलेला. गाडी उबीच ऱ्हाईना. ती मारत ऱ्हायली नि म्या ऐकत ऱ्हायलो."

मला एकदम आमची परात आठवली, भाकरी, अंगणात जाऊन उभे राहिलेले आप्पा, आणि सुकी लाकडं शोधणारी आई. त्या क्षणी मला समजलं. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "ऐकलं व्हतं न्हवं? मला वाटायचं, पोर बडवत बसली आसंल नि कुनी ऐकलंच नसंल." ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. वरून ओतला नाही, आप्पांच्या हातात दिला. आमचं आडनाव, आमची वस्ती तिनं विचारली नव्हती. तिला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही, की ठाऊक नव्हतं म्हणून तांब्या दिला? ती आप्पांना क्षमा करत होती, की उन्हातनं आलेल्या कुणालाही दिलं असतं तसं पाणी देत होती? आप्पा पाणी प्याले, तांब्या विसळून उपडा घातला. ती पुन्हा हिरडा निवडायला बसली. जाताना ती "ये" म्हणाली नाही, आणि "येऊ नको"ही म्हणाली नाही.

माझा मुलगा मागं मला विमानानं दिल्लीला घेऊन गेला होता. सुरक्षेची माहिती सांगणाऱ्या त्या पोरीकडे सगळ्या विमानात मी एकटी लक्ष देऊन बघत होते. विमान उतरताना मुलगा म्हणाला, "आई, घाबरू नकोस." मी घाबरले नव्हते. मी कान देऊन बसले होते. कशाला, ते त्याला काय सांगणार! आमची ती भिंत एका पावसात बसली, कागदांचा चिखल झाला आणि पान दोन मी शेवटपर्यंत वाचलं नाही. वाचलं असतं तरी त्यात काय लिहिलेलं असणार, असं आता वाटतं, आणि लगेच वाटतं, तरी वाचायला पाहिजे होतं.

त्या दिवशी परत येताना घाटात मागून एक ट्रक आला. पोत्यांवर माणसं बसली होती. चालवणाऱ्यानं आप्पांना ओळखलं, गाडी उभी केली आणि म्हणाला, "आप्पा, तुमी चालत? बसा की हितं केबिनीत." मला वाटलं, आप्पा नाही म्हणणार. ते म्हणाले, "वर बसतो." आणि मला उचलून पोत्यांवर ठेवून स्वतः चढले. सगळा उतार त्यांनी पुढची दोरी धरून ठेवली होती. गाडी खाली आली, नदी आली, आमच्या वस्तीचा फाटा दिसायला लागला. आप्पा पुढं सरकले. टपावर हात उगारला आणि तो तसाच राहिला, खाली येईना. फाटा जवळ आला. माणसं आप्पांकडे बघायला लागली. मी पोत्यांवरनं रांगत पुढं गेले आणि सगळ्या ताकदीनं दोन थापा मारल्या.

गाडी थांबली. आप्पा आधी उतरले, आणि मला खाली घ्यायला त्यांनी दोन्ही हात वर केले.